ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढायचा

दिवाळीत भाची पुण्याहून आली ती लॅपटॉपवर नॉर्वेचा नकाशा उघडूनच. ऑरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, बघायला ट्रॉम्सोला जायचं हे तिचं पक्कं ठरलं होतं. आता तिच्या डोक्यात त्याहूनही उत्तरेचं लाँगइयरब्येन शिरलं होतं. तिने अंगठा आणि तर्जनी ताणून नकाशावर अंतर मोजलं, तीच मापाची बोटं उचलून मुंबई-दिल्लीवर ठेवली आणि म्हणाली, "मामा, हे तर दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट आहे. विमानातच पाच-सहा तास जातील. एक अख्खा दिवस धरू ना?"

तिची बोटं चुकली नव्हती. सपाट नकाशावर ट्रॉम्सो-लाँगइयरब्येन खरोखरच मुंबई-दिल्लीच्या पावणेतीन पटीहून जरा जास्त भरतं. प्रत्यक्षात मुंबई-दिल्ली सुमारे १,१३५ किलोमीटर आहे आणि ट्रॉम्सो-लाँगइयरब्येन सुमारे ९५७. म्हणजे दिल्लीपेक्षा कमीच! विमानाचा वेळ पावणेदोन तासांच्या आत.

त्या संध्याकाळी फराळाच्या ताटाशेजारी वही घेऊन आम्ही जो हिशेब केला, तोच इथे नीट मांडतो. आकडा इंटरनेटवर आयता मिळतो, हे मलाही ठाऊक आहे. पण एका ठिकाणी ९५७ दिसतो, दुसऱ्या ठिकाणी ९६१. वेळही कुठे सव्वा तास, तर कुठे पावणेदोन तास. कोणता आकडा कशाचा आहे हे कळलं नाही, तर सहलीचं वेळापत्रक आखताना गडबड होते. स्वतः एकदा हिशेब केला की कळतं. त्यासाठी फोनमधला कॅल्क्युलेटर आणि दहावीचा पायथागोरस एवढं पुरतं.

आधी दोन्ही टोकं ओळखून घ्या

ट्रॉम्सो हे नॉर्वेच्या मुख्य भूमीवरचं, आर्क्टिक वर्तुळाच्या बरंच उत्तरेला असलेलं शहर. त्याचा विमानतळ लांगनेस या भागात आहे आणि १९६४ पासून सुरू आहे. तिकिटावर त्याचं सांकेतिक नाव टीओएस असं दिसतं.

लाँगइयरब्येन हे नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक समुद्रात असलेल्या स्वालबार्ड द्वीपसमूहाचं मुख्य गाव. जॉन मन्रो लाँगइयर नावाच्या अमेरिकन उद्योजकाने १९०६ मध्ये इथे कोळशाची खाण सुरू केली, त्याच्यावरून हे नाव पडलं. ब्येन म्हणजे नॉर्वेजियन भाषेत शहर. इथला विमानतळ, म्हणजे एलवायआर, १९७५ मध्ये सुरू झाला. त्याआधी समुद्र गोठला की गावाचा बाहेरच्या जगाशी जहाजाने असलेला संबंध वसंतापर्यंत तुटायचा. नियमित प्रवासी विमानं उतरतात अशा विमानतळांत हा जगातला सर्वांत उत्तरेकडचा. धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेली आहे. वरचा थर वितळला की ती खालीवर होते आणि तिची डागडुजी करावी लागते.

पायरी पहिली: अक्षांश-रेखांश लिहून घ्या

शहराचे नाही, विमानतळाचे घ्या. मोठ्या शहरांत या दोन्हींत तीस-चाळीस किलोमीटरचा फरक पडू शकतो.

ट्रॉम्सो विमानतळ: ६९ अंश ४१ मिनिटं उत्तर, १८ अंश ५५ मिनिटं पूर्व.
लाँगइयरब्येन विमानतळ: ७८ अंश १५ मिनिटं उत्तर, १५ अंश २८ मिनिटं पूर्व.

इथे एक नेहमीची चूक सांगतो. नकाशाच्या ॲपमध्ये बहुधा दशांश चिन्हातले अंश मिळतात, उदाहरणार्थ ६९.६८. याचा अर्थ ६९ अंश ६८ मिनिटं असा नाही. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून दशांशानंतरच्या भागाला ६० ने गुणायचं. ०.६८ गुणिले ६० म्हणजे जवळपास ४१ मिनिटं. भाचीने पहिल्या फटक्यात हीच चूक केली. मीही पूर्वी केली आहे.

पायरी दुसरी: उत्तर-दक्षिण अंतर

ही पायरी इतकी सोपी आहे की आपण काही चुकवलं की काय असं वाटतं. सागरी मैल हे मापच मुळी अक्षांशाच्या एका मिनिटावरून आलेलं आहे. अक्षांशात जितक्या मिनिटांचा फरक, तितके सागरी मैल. वैमानिक आणि खलाशी अजून हे माप सोडत नाहीत ते यामुळेच.

७८ अंश १५ मिनिटांतून ६९ अंश ४१ मिनिटं वजा केली की ८ अंश ३४ मिनिटं उरतात. आठ गुणिले साठ ४८०, अधिक ३४, एकूण ५१४. म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर ५१४ सागरी मैल.

पायरी तिसरी: पूर्व-पश्चिम अंतर, आणि खरी गंमत

रेखांशांतला फरक ३ अंश २७ मिनिटं, म्हणजे २०७ मिनिटं. पण याचे २०७ सागरी मैल होत नाहीत.

सोललेलं संत्रं हातात घ्या. फोडींमधल्या रेषा मधोमध एकमेकींपासून लांब असतात आणि देठाकडे सरकताना जवळ येत येत एका ठिकाणी मिळतात. रेखांशांचंही तसंच. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. मुंबईच्या अक्षांशावर तो १०५ होतो. एवढा फरक आपल्याला जाणवतही नाही. ट्रॉम्सोला मात्र तो ३९ च्या आत येतो आणि लाँगइयरब्येनला अवघा २३ किलोमीटर उरतो. आपल्याकडच्या सवयीने रेखांश मोजणारा माणूस उत्तरेत हमखास फसतो तो इथे.

उपाय साधा आहे. दोन्ही अक्षांशांची सरासरी काढा आणि तिच्या कोसाइनने (कॅल्क्युलेटरवरचं cos बटण) रेखांशांतल्या फरकाला गुणा. सरासरी ७३ अंश ५८ मिनिटं, म्हणजे साधारण ७३.९७ अंश. त्याचा कोसाइन ०.२७६. २०७ गुणिले ०.२७६ म्हणजे ५७ सागरी मैल.

कॅल्क्युलेटर अंशांवर आहे की रेडियनवर, ते आधी बघून घ्या. रेडियनवर असेल तर कोसाइन भलताच येतो. बऱ्याच अक्षांशांवर तो उणेही येतो, मग चूक निदान लगेच लक्षात येते.

पायरी चौथी: पायथागोरस

आता काटकोन त्रिकोणाची एक बाजू ५१४ आणि दुसरी ५७. हवा तो कर्ण.

५१४ चा वर्ग २,६४,१९६. ५७ चा वर्ग ३,२४९. बेरीज २,६७,४४५. वर्गमूळ ५१७.

म्हणजे ५१७ सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर; हे माप १९२९ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. ५१७ गुणिले १.८५२ म्हणजे सुमारे ९५७ किलोमीटर.

कर्ण उत्तर-दक्षिण बाजूपेक्षा जेमतेम तीन मैलांनी मोठा आला, हे बघा. मार्ग जवळजवळ सरळ उत्तरेचा आहे, म्हणून पूर्व-पश्चिमेचा वाटा नगण्य ठरतो. पण तिसऱ्या पायरीत कोसाइनने गुणायचं विसरून २०७ तसाच ठेवला असता, तर उत्तर ५५४ सागरी मैल म्हणजे १,०२६ किलोमीटर आलं असतं. सत्तर किलोमीटरची फुकटची भर.

मग ९६१ कुठून येतो?

आपण पृथ्वी अगदी गोल धरली. ती ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे, त्यामुळे उत्तरेकडे अक्षांशाचा एक अंश थोडा लांब असतो: गोल पृथ्वीच्या हिशेबात सुमारे १११.२ किलोमीटर, प्रत्यक्षात या भागात सुमारे १११.६. साडेआठ अंशांवर त्याचा तीन-चार किलोमीटरचा फरक पडतो. जी संकेतस्थळं चपटेपणा धरतात ती ९६१ च्या आसपास दाखवतात, बाकीची ९५७. दोन्ही आकडे बरोबर आहेत. प्रवाशाने त्यावर डोकं शिणवू नये.

आणि भाचीची बोटं का फसली? तो सपाट नकाशा मर्केटर पद्धतीचा होता. मर्केटरने १५६९ साली तो दर्यावर्दींसाठी काढला. त्यात दिशा अचूक राहते, पण त्याची किंमत म्हणून उत्तरेकडचं सगळं फुगतं. ट्रॉम्सोजवळ लांबी जवळपास तिप्पट दिसते आणि लाँगइयरब्येनजवळ जवळपास पाचपट. मुंबईजवळ जेमतेम सहा टक्क्यांनी. म्हणून या नकाशावर बोटांनी मोजून उत्तरेची तुलना आपल्याकडच्या अंतराशी कधीच करायची नाही. मोजायचंच असेल तर पृथ्वीचा गोल आणि दोरा घ्या.

ही युक्ती कुठे चालत नाही

सरासरी अक्षांशाची ही युक्ती रेखांशांतला फरक आठ-दहा अंशांच्या आत असेल तोवर छान चालते. त्यापुढे, तेही उत्तरेत, ती दगा देते. किती, ते बघायला एक टोकाचं उदाहरण घेऊ.

अलास्काच्या उत्तर टोकाला उत्कियाग्विक नावाचं गाव आहे, पूर्वी त्याला बॅरो म्हणत. त्याचा विमानतळ ७१.२९ अंश उत्तर, १५६.७७ अंश पश्चिम. लाँगइयरब्येनपासून तिथे थेट प्रवासी विमान नाही, पण हिशेबासाठी जोडी नामी आहे. एक पूर्व रेखांशावर, दुसरं पश्चिम, म्हणून रेखांशांची बेरीज करायची. फरक १७२ अंशांचा. वरच्या युक्तीने काढलं तर उत्तर जवळपास ५,०९० किलोमीटर येतं. खरं अंतर आहे सुमारे ३,३८० किलोमीटर!

ही दोन गावं ध्रुवाच्या जवळजवळ समोरासमोर आहेत. सर्वांत जवळचा मार्ग पूर्वेला किंवा पश्चिमेला वळसा घालत नाही, तो उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून पलीकडे उतरतो. आपली युक्ती बिचारी अक्षांशाच्या वर्तुळावरून गोल फिरत बसते.

अशा वेळी गोलावरचं पक्कं सूत्र वापरायचं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. वेगळीकडे दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, अशा तिघांचा गुणाकार करा. दोन्ही मिळवा. जी संख्या येईल तिचा उलट कोसाइन (cos⁻¹ बटण) काढला की अंतर अंशांत मिळतं; त्याला ६० ने गुणलं की सागरी मैल. या उदाहरणात बेरीज ०.८६२५ येते, उलट कोसाइन ३०.४ अंश, आणि सागरी मैल साधारण १,८२४. ट्रॉम्सो-लाँगइयरब्येनला हेच सूत्र लावलं तरी ९५७ च येतात. म्हणून मी नेहमी आधी सोपी युक्ती लावतो आणि रेखांशांतला फरक मोठा दिसला तरच या सूत्राला हात घालतो.

पायरी पाचवी: अंतरावरून वेळ

इथे बहुतेक जण ९५७ ला विमानाच्या वेगाने भागतात आणि खूश होतात. जेट विमानाचा उंचीवरचा वेग ताशी ८०० ते ८५० किलोमीटर असतो. ८०० ने भागलं तर १ तास १२ मिनिटं. इंटरनेटवर दिसणारा सव्वा तास तो हाच.

तिकिटावरचा वेळ मात्र वेगळा असतो. विमान दारापासून मागे ढकललं जातं तिथपासून पलीकडे पोचून उभं राहीपर्यंतचा तो वेळ. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटणं आलं, चढतानाचा कमी वेग आला, उतरतानाचा त्याहून कमी वेग आला, धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठीचं वळण आलं आणि हिवाळ्यात पंखांवरचं बर्फ काढायला औषध फवारण्याची थोडी उसंतही आली. या सगळ्यासाठी मी सरसकट अर्धा तास धरतो.

म्हणून माझा नियम असा: किलोमीटर भागिले ८००, अधिक अर्धा तास. ९५७ साठी ७२ अधिक ३०, म्हणजे १०२ मिनिटं. एक तास ४२ मिनिटं. या मार्गाच्या वेळापत्रकात साधारण एवढाच वेळ असतो, पाच-सात मिनिटं इकडेतिकडे.

हाच नियम शेजारच्या मार्गांवर ताडून बघा. ऑस्लो-ट्रॉम्सो सुमारे १,११७ किलोमीटर. नियमाने १ तास ५४ मिनिटं. ऑस्लो-लाँगइयरब्येन थेट सुमारे २,०१५ किलोमीटर. नियमाने तीन तास. वेळापत्रकाशी दोन्ही जुळतात.

यातून एक गोष्ट सहज दिसते. ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे गेलं तर एकूण अंतर २,०७४ किलोमीटर होतं, थेट मार्गापेक्षा फक्त साठेक किलोमीटर जास्त. ट्रॉम्सो जवळजवळ वाटेतच आहे. तरी वेळ मात्र विमानातलाच छत्तीस मिनिटांनी वाढतो, कारण तो अर्धा तास दोनदा मोजावा लागतो. वर ट्रॉम्सोतला थांबा वेगळाच. ट्रॉम्सो बघायचंच असेल तर हा मार्ग उत्तम. नुसतं लाँगइयरब्येन गाठायचं असेल तर ऑस्लोहून थेट विमान बघावं.

वाऱ्याचं काय?

मुंबई-लंडन प्रवासात जाताना आणि येताना लागणाऱ्या वेळात चांगला फरक पडतो, कारण उंचीवरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि आपण त्याच्यासमोर किंवा त्याच्यासोबत असतो. ट्रॉम्सो-लाँगइयरब्येन मार्ग दक्षिणोत्तर आहे, त्यामुळे पश्चिमेचा वारा बाजूने लागतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा नेमका बाजूने असेल तर विमानाचा जमिनीवरचा वेग ८०० वरून साधारण ७९४ होतो. म्हणजे काहीच नाही. हाच वारा नेमका समोरून आला तर ७२ मिनिटांची ८२ होतात, पाठीमागून आला तर ६४. इतक्या कमी अंतरावर वाऱ्याची लुडबुड दहा मिनिटांच्या पलीकडे सहसा जात नाही.

उतरताना मात्र वाऱ्याचं ऐकावं लागतं. लाँगइयरब्येनची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या खाडीच्या, काठाला लागून आहे. दक्षिणेकडून आलेल्या विमानाला वळूनच तिच्या रेषेत यावं लागतं. कोणत्या टोकाकडून, ते वारा ठरवतो. तुमच्या दोन फेऱ्यांत पाच-सात मिनिटांचा फरक पडला तर कारण बहुधा हेच असतं.

पायरी सहावी: घड्याळ

तिकिटावर सुटण्याची आणि पोचण्याची वेळ स्थानिक असते. ट्रॉम्सो आणि लाँगइयरब्येन दोन्हीकडे नॉर्वेचीच वेळ चालते, म्हणून सरळ वजाबाकी केली की प्रवासाचा वेळ मिळतो. भारताशी फरक हिवाळ्यात साडेचार तासांचा आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचा. तिथली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. घरी फोन करताना आई झोपली असेल का, याचा हिशेब त्या दोन रविवारी बदलतो.

घड्याळ तेच असलं तरी उजेड तोच नसतो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ट्रॉम्सोला सूर्य परत आलेला असतो, दुपारी डोंगरांवर ऊन दिसतं. लाँगइयरब्येनला तेव्हा सूर्य क्षितिजाच्या वर आलेलाच नसतो. भर दुपारी निघून पावणेदोन तासांत तुम्ही संधिप्रकाशात उतरता. एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत उलट, तिथे सूर्य मावळतच नाही. रात्री उशिराचं विमान असेल तर झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी बरोबर ठेवा.

पायरी सातवी: दारापासून दारापर्यंत

१०२ मिनिटं ही विमानाची झाली. माणसाची गोष्ट वेगळी.

सर्वांत महत्त्वाचं आधी. स्वालबार्डवर नॉर्वेचं सार्वभौमत्व आहे, पण ते शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. एकाच देशातला प्रवास असूनही ट्रॉम्सोहून निघताना पासपोर्ट तपासला जातो, आणि परत येताना पुन्हा. ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणाऱ्या विमानातही ट्रॉम्सोला उतरून पासपोर्ट दाखवून परत चढावं लागतं. देशांतर्गत विमान म्हणून शेवटच्या पाऊण तासात पोचायची सवय इथे नडते. मी तरी दोन तास धरतो.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी हे ठळक अक्षरांत लिहून ठेवावं: स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, पण तिथे नॉर्वेमार्गे जायला आणि परत यायला शेंगेन व्हिसा लागतो, तोही किमान दोनदा प्रवेश देणारा. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर स्वालबार्डला जाताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि परतीचा दरवाजा बंद होतो. अर्ज भरतानाच एकाहून अधिक प्रवेश मागा आणि पासपोर्ट हातात आला की व्हिसावरचा प्रवेशांचा रकाना वाचा. भाचीच्या यादीत हा मुद्दा नव्हताच. सहल आखण्यात आमच्या दोन संध्याकाळी गेल्या, त्यातली ही पाच मिनिटं सर्वांत मोलाची ठरली.

आता बेरीज. ट्रॉम्सोतल्या हॉटेलपासून विमानतळ अर्धा तास, तिथे दोन तास, विमान पावणेदोन तास, सामान हातात येईपर्यंत अर्धा तास. लाँगइयरब्येनचा विमानतळ गावापासून जेमतेम पाच किलोमीटरवर आहे आणि विमानांच्या वेळेनुसार बस असते. ती हॉटेलांपाशी थांबत जाते, म्हणून तिला वीसेक मिनिटं. सगळं मिळून पाच तास. पाच किलोमीटरच तर आहेत, चालत जाऊ, असा बेत करू नका. वस्तीबाहेर हिमअस्वलांचा धोका असतो आणि तशी पाटी विमानतळाबाहेरच आहे. त्या पाटीसोबत फोटो काढून लोक गुमान बसमध्ये बसतात.

मुंबईहून निघणाऱ्यांसाठी: मुंबई-ऑस्लो सरळ अंतर सुमारे ६,६०० किलोमीटर. आखातात किंवा युरोपात विमान बदलून ऑस्लो गाठायला निम्म्याहून जास्त दिवस जातो. त्याच दिवशी पुढचं विमान पकडायच्या भानगडीत पडू नये. ऑस्लोत एक रात्र झोपा.

हवामानासाठी किती राखून ठेवायचं

हा आकडा कोणत्याही सूत्रात बसत नाही, आणि याचीच मला जास्त काळजी वाटते. लाँगइयरब्येनला हिवाळ्यात वादळं, तर उन्हाळ्यात धुकं. तिथे उतरता आलं नाही तर दुसरा पर्याय म्हणून मोठं विमान उतरवण्याजोगा विमानतळ जवळपास नाही. मुख्य भूमीकडे, म्हणजे बहुधा ट्रॉम्सोकडेच, परत फिरावं लागतं. जायला ९५७ आणि यायला ९५७. तुम्ही साडेतीन तास हवेत काढून निघालात त्याच ठिकाणी उतरता.

रोजच्या फेऱ्या मोजक्याच, आणि हंगामानुसार कमीजास्त. एक फेरी रद्द झाली की पुढच्या विमानात जागा दुसऱ्या दिवशीच मिळेल, असंही नाही. म्हणून परतीचं भारताचं विमान लाँगइयरब्येनहून निघण्याच्या दिवशीचं मुळीच घेऊ नका. मधे किमान एक पूर्ण दिवस सोडा. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर दोन सोडले तरी वाया जात नाहीत. काही बिघडलं नाही तर तो दिवस ऑस्लोत जातो, त्यात वाईट काही नाही.

लहान उड्यांना हा नियम लावू नका

लाँगइयरब्येनहून आणखी उत्तरेला न्यू-ओलेसुंड नावाची संशोधकांची वस्ती आहे. भारताचं हिमाद्री हे आर्क्टिक संशोधन केंद्र तिथेच आहे. ते २००८ मध्ये सुरू झालं आणि त्याचा कारभार चालतो गोव्यातल्या वास्को-द-गामा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून. नारळीच्या झाडांखालून हिमनद्यांचा अभ्यास चालतो, याचं मला अजून नवल वाटतं. दुसरं नवल म्हणजे पॅरिसमध्ये १९२० साली झालेल्या ज्या करारावर स्वालबार्डचा सगळा कारभार उभा आहे, त्यात ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचंही नाव आहे.

लाँगइयरब्येन-न्यू-ओलेसुंड अंतर आपल्या युक्तीने काढा: अक्षांशांत ४१ मिनिटांचा फरक, रेखांशांत २१५ मिनिटांचा, कोसाइन ०.१९८. उत्तर सुमारे १०९ किलोमीटर. आता ८०० ने भागून अर्धा तास मिळवलात तर ३८ मिनिटं येतील. प्रत्यक्षात तिथे डॉर्नियर २२८ हे पंख्याचं छोटं विमान जातं. त्याचा वेग जेटच्या निम्मा, पण सरपटणं थोडकं, चढणं थोडकं, रांग नाही. सारी उडी पंचवीसएक मिनिटांत संपते. पंख्याच्या विमानांसाठी मी ताशी ४०० आणि वर दहा मिनिटं धरतो. मात्र या विमानातली जागा मुख्यतः तिथे काम करणाऱ्यांसाठी असते. पर्यटक न्यू-ओलेसुंडला जातात ते बहुधा उन्हाळ्यातल्या जहाजांनी.

खिडकी कोणती घ्यायची

भाचीचा शेवटचा प्रश्न हाच होता, आणि त्यालाही वहीतला हिशेब उपयोगी पडला.

ट्रॉम्सो आणि स्वालबार्ड यांच्या मधोमध, उघड्या समुद्रात, ब्योर्नोया नावाचं एकच बेट आहे. नावाचा अर्थ अस्वलाचं बेट. एक हवामान केंद्र, मोजकी माणसं आणि असंख्य समुद्रपक्षी. ते साधारण ७४.४ अंश उत्तर आणि १९ अंश पूर्वेला आहे. आपला सरळ मार्ग त्या अक्षांशावर साडेसतरा रेखांशाच्या आसपास असतो. दीड अंशाचा फरक आपल्याकडे दीडशे किलोमीटरचा झाला असता. तिथे तो चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच होतो. एवढ्या उंचीवरून ते अंतर नजरेच्या टप्प्यात आहे. बेट पूर्वेला, म्हणून जाताना उजवी खिडकी, येताना डावी.

ट्रॉम्सोपासून तिथवर सुमारे ५२५ किलोमीटर, म्हणजे ताशी ८०० ने चाळीस मिनिटं, त्यात चढण्याची आठ-दहा मिनिटं मिळवायची. विमानाने जमीन सोडली की घड्याळ बघा आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून उजवीकडे नजर ठेवा. बहुतेक वेळा खाली नुसते ढग दिसतील. भाचीने तरी उजवीचीच खिडकी घेतली आहे.